पुस्तक खरं की उस्ताद? तुर्की संगीतावर लिहिणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात तुर्की शास्त्रीय संगीताची थोडी ओळख करून दिली होती, मकाम (आपल्या रागासारखी स्वरांची चौकट) म्हणजे काय, तंबुर हे लांब दांडीचं तारवाद्य कसं वाजतं, नेय ही बासरी कशी वाजते वगैरे, आणि त्यावर जी पत्रं आली ती बहुतेक अशा लोकांची की जे स्वतः नेटवर या संगीताबद्दल लिहितायत किंवा लिहायचं म्हणतायत. सगळ्यांचं म्हणणं फिरून फिरून एकच, विश्वास कुणावर ठेवायचा आणि आपण लिहितो ते खरंय हे कशाच्या जोरावर सांगायचं. मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून यावेळी अख्खं सदर त्यालाच दिलंय.

ताई, मी वादक नाही, मला तुर्की येत नाही, पण गेली काही वर्षं हे संगीत वेड्यासारखं ऐकतोय. मी यावर लिहावं का, की ते जाणकारांवरच सोडावं?

लिहा की! अगदी मोकळेपणाने लिहा. फक्त प्रत्येक वाक्य लिहिताना स्वतःला विचारायचं की हे मला कसं कळलं, कानाने ऐकून, कुठे वाचून, की कुणी शिकवलं म्हणून. कानाने ऐकलेलं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. या रेकॉर्डिंगमध्ये वादक खालच्या स्वरावर बराच वेळ थांबतो, मग हळूहळू वर जातो आणि शेवटी परत खाली येतो, हे तुम्ही ऐकलंत आणि लिहिलंत, झालं, ज्याला तपासायचंय तो तेच रेकॉर्डिंग लावून तपासेल. पण पुढे "या मकामाचा सेयिर असाच असतो" असं लिहिलंत की तुम्ही एका रेकॉर्डिंगवरून सगळ्या मकामाबद्दल बोलायला लागलात, आणि तिथे शिकलेल्या माणसाचा किंवा चांगल्या पुस्तकाचा आधार हवाच. सेयिर म्हणजे मकामाची चाल, सुरुवात कुठून, थांबायचं कुठे, उतरायचं कसं, आणि ती नुसत्या स्वरांच्या पट्टीवरून कळत नाही, दोन मकामांचे स्वर जवळपास सारखे असून चाल वेगळी असते.

आता जाणकार कोण हा प्रश्न इथे जरा गुंतागुंतीचा का आहे ते सांगते, कारण पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच येतात. हे संगीत शेकडो वर्षं मेश्कने चाललं, म्हणजे उस्तादासमोर बसायचं, दोन्ही हातांनी गुडघ्यांवर उसूल धरायचा, आणि रचना तुकड्या-तुकड्याने ऐकून पाठ करायची. उसूल म्हणजे तालाचं आवर्तन, आणि काही आवर्तनं भयंकर लांब, झेंजिर नावाचा उसूल तर १२० मात्रांचा आहे. कागदावर काय असायचं, तर गाण्याचे शब्द, मकाम, उसूल आणि रचनाकाराचं नाव, अशा वह्याच्या वह्या आहेत, पण सूर त्यात नाही. सूर लिहून ठेवणारे अपवादच. १७व्या शतकाच्या मध्यात अली उफ्कीने, हा जन्माने पोलंडचा, कैद होऊन इस्तंबूलच्या राजवाड्यात आलेला, युरोपियन स्वरलिपी उजवीकडून डावीकडे लिहून रचना उतरवल्या. साधारण १७०० च्या सुमाराला मोल्दावियाचा राजपुत्र दिमित्री कांतेमिर, ज्याला तुर्क कांतेमिरोलु म्हणतात, त्याने स्वतःची अक्षरांची स्वरलिपी करून सुमारे ३५० वाद्यरचना लिहिल्या. मग १८१० च्या दशकात आर्मेनियन संगीतकार हाम्पार्त्सुम लिमोंजियानने जी स्वरलिपी बनवली ती खऱ्या अर्थाने वादकांच्या वापरात आली.

म्हणजे बघा, थोर रचनाकार इत्री १७१२ च्या सुमाराला गेला, त्याचं चित्र २००९ पासून तुर्कस्तानच्या १०० लिराच्या नोटेवर आहे, युनेस्कोने २०१२ मध्ये त्याची तीनशेवी पुण्यतिथी जगभरातल्या स्मृतिवर्षांच्या यादीत घेतली, आणि तरी आज त्याच्या नावाने जे गायलं जातं ते तोंडातून तोंडात येत येत बऱ्याच उशिरा कागदावर आलंय. अशा ठिकाणी उस्ताद हाच दस्तऐवज असतो. त्याला कमी लेखून चालत नाही आणि त्याच्यावरून तारखाही काढता येत नाहीत. तुम्ही "इत्रीच्या नावावर असलेली रचना" असं लिहा, तेवढा एक शब्दप्रयोग पुरतो, वाचकाला फसवल्यासारखं होत नाही.

मी ऑनलाइन ऊद (छेडून वाजवायचं तारवाद्य) शिकते. सर म्हणाले की उश्शाक मकामात सेगाह हा स्वर पुस्तकात दिलाय त्यापेक्षा खाली घ्यायचा. मी तसं लेखात लिहिलं तर एकांनी थेट पुस्तकाचं पान दाखवून मला खोटं पाडलं. मी सरांना चुकीचं म्हणू का?

अजिबात नको. सर बरोबर आहेत, आणि गंमत म्हणजे पान दाखवणारेही चुकीचं पान दाखवत नाहीयेत.

ज्याला आज पुस्तकी पद्धत म्हणतात ती २०व्या शतकात तयार झाली, सुप्ही एझगी, हुसेयिन सादेत्तिन आरेल आणि भौतिकशास्त्रज्ञ सालिह मुरात उझदिलेक यांच्या नावाने ती ओळखली जाते. त्यात सप्तक ५३ कोमांचं धरतात (कोमा म्हणजे स्वराचा अगदी बारीक तुकडा), पूर्ण स्वर ९ कोमांचा, आणि या सगळ्यातून २४ जागा निवडल्यात. शुद्ध 'सी'पासून (दो-रे-मी मधला 'सी', म्हणजे इंग्रजी 'बी') एक कोमा खाली सेगाह, असं या पद्धतीत लिहिलं जातं. उश्शाक वाजवताना मात्र वादक तो स्वर आणखी खाली घेतात, दोन-तीन कोमा, आणि उतरताना तर जास्तच. हे सगळ्या वादकांना माहिती असतं पण कागदावर खूण तीच राहते, कारण वाजवणाऱ्याला ते मेश्कमध्येच कळलेलं असतं. वाद्यंसुद्धा २४ जागांना बांधलेली नाहीत, तंबुराचे पडदे सरकवता येतात आणि कानून या वाद्यावर तारांखाली ज्या बारीक कळा असतात त्यांनी अर्ध्या स्वराचे सुद्धा अनेक तुकडे होतात.

तर तुमच्या लेखात दुरुस्ती एवढीच हवी, की "आरेलच्या पद्धतीत सेगाह असा लिहितात, पण उश्शाकमध्ये प्रत्यक्षात खाली घेतात, मला हे माझ्या शिक्षकांनी शिकवलं", आणि पुढे एखादं रेकॉर्डिंग, वादकाचं नाव, कितव्या मिनिटाला ऐकायचं ते. शिक्षकांना विचारून त्यांचं नाव द्या, ते कुणाकडे शिकले तेही द्या. हे काही नुसतं आदर दाखवणं नाही हो, या परंपरेत कोण कुणाकडे शिकलं यावरून त्या माहितीचं वजन ठरतं. कार्ल सिग्नेल या अमेरिकन अभ्यासकाचं मकामावरचं १९७७ चं पुस्तक आजही लोक काढून बघतात, आणि त्याच्यामागे तंबुरवादक नेजदेत याशार यांचं ज्ञान आहे हे त्याने लपवलेलं नाही. अभ्यासक आणि वादक एकमेकांना धरून असले की काय होतं त्याचं ते चांगलं उदाहरण आहे.

आणि "तुर्की सिद्धांत असं सांगतो" हे वाक्य शक्यतो टाळा. संगीताचे अभ्यासक राउफ येक्ता रास्त मकामाची पट्टी मूळ धरायचे, आरेल-एझगींनी चारगाह धरली, जी युरोपियन 'सी मेजर'सारखी (हा 'सी' इंग्रजी) दिसते, आणि त्यावरून वाद आजही चालू आहे. कुणाचा सिद्धांत ते नाव घेऊन सांगा.

जाता जाता अजून एक, कारण हे खूप दिसतं. नोटेशनमध्ये शेवटचा स्वर 'सोल' (इंग्रजी 'जी') बघून लोक लिहितात की रचना सोलमध्ये आहे. तुर्की नोटेशन जसं लिहिलंय तसं ऐकू येईलच असं नाही, बोलाहेंक नावाच्या नेहमीच्या मेळात लिहिलेला 'सोल' प्रत्यक्षात 'रे' (इंग्रजी 'डी') वाजतो. पियानोवर तपासायला गेलात तर गोंधळ होणार.

मेरागीच्या एका रचनेवर मी "६०० वर्षांपूर्वीचे सूर जसेच्या तसे" असं शीर्षक दिलं होतं. सीडीवर त्याचंच नाव आहे, मैफिलीतही तेच सांगतात. तरी एका वाचकाने पुरावा मागितला. अजून काय पुरावा द्यायचा?

त्या वाचकाचे आभार माना, खरंच. अब्दुलकादिर मेरागी हा फार मोठा माणूस, १४३५ मध्ये हेरातला वारला, त्याचे संगीतावरचे ग्रंथ आहेत आणि ते अस्सल आहेत. पण आज त्याच्या नावाने ज्या रचना गातात त्यांचं नोटेशन त्याच्यानंतर कित्येक शतकांनी झालंय, आणि ओवेन राइट, वॉल्टर फेल्डमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्या शब्दांच्या वह्या आणि रचनांची घडण तपासून दाखवलंय की हे सूर त्याच्या काळचे असणं अवघड आहे, ही नंतरच्या काळाची शैली आहे. जुन्या थोर माणसाचं नाव रचनेला लावायची पद्धत होती, त्यामागे फसवणूक नव्हती, परंपरेला मूळ पुरुष हवा असतो आणि तो असा मिळतो.

"जसेच्या तसे" तर कुठेच लिहू नका. कांतेमिरच्या वेळचा एखादा पेश्रेव (वाद्यांवरची एक प्रकारची रचना) आणि त्याच नावाचा १९व्या शतकातला पेश्रेव शेजारी ठेवून बघितला ना, तर कितीतरी वेळा ओळखू येणार नाही इतका फरक. मधल्या काळात लय संथ संथ होत गेली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत वादकांनी सूर भरत नेले, त्यामुळे सांगाडा तोच, पण त्याच्यावरचं काम इतकं दाट झालं की चाल वेगळीच वाटते. मला स्वतःला ही गोष्ट "६०० वर्षं जुनं" यापेक्षा कितीतरी सुंदर वाटते, की कुणी मुद्दाम न ठरवता पिढ्यानपिढ्या एक रचना वाढत राहिली, आणि वाचकाला ही गोष्ट सांगायची सोडून आपण त्याला खोटी तारीख का देतो तेच कळत नाही.

सीडीचं कव्हर आणि मैफिलीतलं निवेदन हे पुरावे आहेतच, पण कशाचे, तर आज ही रचना मेरागीची मानली जाते याचे. मेरागीने ती केली याचे नाहीत. तसं लिहून टाका, शीर्षक बदला, आणि लेख ठेवा.

अतातुर्कने तुर्की संगीतावर बंदी घातली होती का? दोन ठिकाणी दोन वेगवेगळी वर्षं आहेत, १९२६ आणि १९३४.

दोन्ही वर्षं खरी आहेत, घटना वेगळ्या आहेत, आणि लोक त्यांची मोळी बांधून "बंदी" म्हणून मोकळे होतात. १९२५ मध्ये दर्ग्यांसारखे सूफी मठ, म्हणजे तेक्के, कायद्याने बंद झाले, त्यामुळे मेवलेवी या सूफी पंथाच्या समारंभाचं संगीत त्याच्या जागेवरून उठलं. १९२६ मध्ये इस्तंबूलच्या दारुलएल्हान या संस्थेतून तुर्की संगीताचं शिक्षण काढलं. आणि १९३४ च्या नोव्हेंबरात रेडिओवरून ते बंद झालं, ते १९३६ मध्ये परत आलं. रेडिओवर बंद असताना ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या जात होत्या, गाणाऱ्यांची गाणी चालू होती.

आणि हे बघा, ज्या १९३४ मध्ये रेडिओ गप्प झाला त्याच वर्षी इस्तंबूलच्या कॉन्झर्व्हेटरीने (दारुलएल्हानचंच पुढचं नाव) मेवलेवी आयिनांचं, म्हणजे समारंभात गायच्या रचनांचं, नोटेशन छापायला सुरुवात केली, राउफ येक्ता, झेकाईझादे अहमत इरसोय, सुप्ही एझगी ही म्हातारी मंडळी बसून पाठ असलेलं कागदावर उतरवत होती, ते काम १९३९ पर्यंत चाललं. राउफ येक्ता तर १९३५ मध्ये गेले. हे वाचलं की "सरकारने संगीत संपवलं" हे वाक्यही लिहवत नाही आणि "काही झालंच नाही" हेही लिहवत नाही. १९४३ मध्ये आरेल त्या कॉन्झर्व्हेटरीचे प्रमुख झाले आणि शिक्षण परत आलं, तुर्की संगीताची सरकारी कॉन्झर्व्हेटरी मात्र इस्तंबूलमध्ये सुरू व्हायला १९७६ उजाडलं. अशा विषयात वर्ष, संस्था आणि नेमकं काय बंद झालं या तिन्ही गोष्टी एका वाक्यात एकत्र हव्यात, नाहीतर वाचणारा आपल्या राजकारणाला सोयीचं तेवढंच उचलतो.

रास्त मकाम या आजारावर, हुसेयनी त्या आजारावर, असा फाराबीचा तक्ता मला फॉरवर्डमध्ये आला. लेखात टाकू का?

नको बाळा, टाकू नकोस. तू कॉलेजात आहेस म्हणून सोपी रीत सांगते, आधी तारखा शेजारी ठेवायच्या. फाराबी हा मध्ययुगातला तत्त्वज्ञ, ९५० मध्ये वारला. रास्त, उश्शाक, हुसेयनी अशा नावांचा बारा मकामांचा संच सफीउद्दीन उर्मवीच्या ग्रंथात, म्हणजे १३व्या शतकात, नीट मांडलेला दिसतो. मग फाराबीच्या तोंडी तो तक्ता कसा बसणार? कुठल्या ग्रंथात, कुठल्या पानावर, हे फॉरवर्डमध्ये नसतंच.

पण या विषयात लिहिण्यासारखं खरं खूप आहे. एदिर्नेला सुलतान दुसऱ्या बायेझिदने १४८८ मध्ये पूर्ण केलेलं रुग्णालय आजही उभं आहे, आता तिथे त्राक्या विद्यापीठाचं म्युझियम आहे आणि २००४ मध्ये त्याला युरोप कौन्सिलचा म्युझियम पुरस्कारही मिळालाय. तिथे रुग्णांसाठी आठवड्यातून तीनदा दहा गायक-वादक यायचे, असं प्रवासी एव्लिया चेलेबीने लिहिलंय. एव्लिया १७व्या शतकातला, म्हणजे रुग्णालय बांधल्यावर दीडशेहून जास्त वर्षांनी लिहितोय, आणि आकडे रंगवून सांगायची त्याला सवय होती हे त्याचे अभ्यासकच सांगतात, तरी त्याच्या नावासकट दिलंस तर ते उत्तम आहे. आजाऱ्याला मात्र मकाम ऐकून बरं वाटेल असं सांगू नकोस, तिथे संगीताचा नाही, औषधाचा पुरावा लागतो.

फुकटात आणि भरवशाचं काय मिळेल?

तुर्कीमध्ये धार्मिक प्रतिष्ठानाचा ४४ खंडांचा इस्लाम विश्वकोश आहे, नेटवर पूर्ण उघडा, प्रत्येक लेखाखाली लेखकाचं नाव आणि संदर्भ, रचनाकारांच्या तारखांसाठी मी आधी तोच बघते. जर्मनीत म्युन्स्टर विद्यापीठात कॉर्पस म्युझिके ऑटोमानिके नावाचा प्रकल्प २०१५ पासून चालू आहे, ते लोक हाम्पार्त्सुम स्वरलिपीतली हस्तलिखितं चिकित्सेने संपादित करून नेटवर ठेवतात, कुठल्या प्रतीत काय फरक आहे ते सगळं दाखवून. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पाने तुर्की मकामाच्या रचना कॉम्प्युटरला वाचता येतील अशा केल्या, त्याच प्रकल्पात हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीतही होतं, त्यामुळे रागसंगीत जाणणाऱ्यांना तिथे रमायला होईल. तुर्की येत नसेल तर भाषांतराचं ॲप वापरा, पण मकाम, उसूल आणि माणसांची नावं मूळ पानावरूनच घ्या.

शोधताना एक ध्यानात ठेवा, एकाच माणसाची चार स्पेलिंगं असतात, कांतेमिर आणि कांतेमिरोलु हे एकच, अली उफ्कीचं पोलिश नाव वेगळंच आहे, वॉयचेख बोबोव्स्की. एका नावाने सापडलं नाही म्हणजे माहितीच नाही असं समजू नका.

तंबुरी जेमिल बेंची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकून मी लिहितोय. ती तरी पक्का पुरावा ना? त्यात कुणाची मध्यस्थी नाही.

रेकॉर्डिंगसारखा पुरावा नाही हे अगदी मान्य, आणि जेमिल बे ऐकून लिहिताय म्हणजे फार चांगल्या ठिकाणापासून सुरुवात करताय. पण तबकडीचीही मध्यस्थी असते. एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, म्हणून त्यांची तकसीम (एकट्या वादकाने तिथल्या तिथे रचत केलेलं वादन) तीन मिनिटांची आहे, त्यावरून त्या काळी तकसीम एवढीशीच असायची असा निष्कर्ष काढू नका. त्या काळच्या तबकड्यांचा वेग सगळीकडे सारखा नव्हता, नेटवर चढवणाऱ्याने कुठल्या वेगाने फिरवली ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, त्यामुळे "जेमिल बेंनी तंबुर अमुक स्वरात लावला होता" हे त्यावरून ठरत नाही. स्वरास्वरांमधलं अंतर मात्र वेग बदलला तरी प्रमाणात तेच राहतं, म्हणून वर जो सेगाहचा वाद आला त्यासाठी ही रेकॉर्डिंग्ज अगदी कामाची आहेत, बिनधास्त वापरा.

कुठलं वाद्य वाजतंय तेही कान देऊन ठरवा, कारण ते तंबुरी म्हणून ओळखले गेले तरी केमेन्चे हे गजाने वाजवायचं छोटं तारवाद्यही तितकंच अप्रतिम वाजवायचे, चेलोसुद्धा वाजवायचे, आणि अपलोड करणारे सरसकट तंबुर लिहून टाकतात. शिवाय ते १९१६ मध्ये गेले, मायक्रोफोनने होणारं ध्वनिमुद्रण १९२५ नंतरचं, तेव्हा त्यांच्या नावाखाली खर्ज भरदार आणि आवाज स्वच्छ असं काही मिळालं तर ते दुसऱ्याच कुणाचं आहे, तबकडीचा नंबर मिळतो का बघा आणि मिळेपर्यंत ते लेखात घेऊ नका.